पेटीसमोर उघडी राहणारी वही: बाइंडिंगच्या पद्धती वापरून झाल्यावर

नोटेशनच्या वहीकडून माझी मुख्य अपेक्षा एकच असते. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यावर असतो आणि उजवा स्वरांवर. वही समोर ठेवली की ती कुणी न धरता उघडी राहिली पाहिजे, आणि पान उलटायचं झालं तर उजव्या हाताच्या एका बोटाने, पुढची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, यायच्या आत उलटलं पाहिजे. मुखपृष्ठ किती देखणं, कण्यावर सोनेरी अक्षरं आहेत की नाहीत, हे सगळं त्यानंतर.

मी मिरजेत पेटी आणि गायन शिकवते. आठ वर्षांच्या मुलांपासून निवृत्तीनंतर पहिल्यांदा सूर लावायला बसलेल्या आजोबांपर्यंत सगळे येतात. बरेच जण गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देतात, म्हणजे प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा आणि पुढे विशारद. त्यांच्यासाठी रागवार बंदिशी, तराणे, आलाप-ताना आणि तबल्याच्या साथीचे लहरे असा एक संग्रह मी स्वतः टाइप करून छापून घेते. पाठपोट २४० पानं, म्हणजे १२० कागद. दरवर्षी त्यात भर पडते, त्यामुळे बाइंडिंगवाल्याकडे जाणं दरवर्षीचं. मिरज, सांगली आणि कोल्हापुरात मिळणारी जवळजवळ प्रत्येक पद्धत या संग्रहावर वापरून झाली आहे. नोटेशन, भजनांचा संग्रह, आरत्या, स्वयंपाकघरात उघडायच्या पाककृती, नाटकाची संहिता, असं हात गुंतलेले असताना वाचायचं काही तुम्ही छापून घेणार असाल तर पुढचं उपयोगी पडेल.

सर्वात आधी एक गोष्ट ठासून सांगते. बाइंडिंग टायपिंगच्या आधी ठरवायचं. दुकानात गठ्ठा टाकून "आता याला काय करता येईल?" असं विचारलं की हातात फक्त दर आणि कव्हरचा रंग उरतो. बाकी सगळं कागदावर शाई उमटली तेव्हाच ठरून गेलेलं असतं.

माझ्या बाबतीत ते तालापासून ठरतं. त्रितालाच्या सोळा मात्रा एका ओळीत मांडायच्या. ए४ कागद उभा धरला तर रुंदी २१ सेंटिमीटर. बांधणीच्या बाजूला अडीच आणि बाहेर दीड सोडलं की उरले १७. प्रत्येक मात्रेला जेमतेम एक सेंटिमीटर. त्यात चौगुनीची तान लिहायची म्हणजे एका मात्रेत चार स्वर, त्यांच्याखाली एकत्र बांधणारा कंस, कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्र सप्तकाचं टिंब. अक्षर इतकं बारीक करावं लागतं की पेटीपलीकडे ठेवलेल्या वहीतलं ते चष्मा लावूनही दिसत नाही. टिंब दिसलं नाही की मंद्र निषाद आणि मध्य निषाद यांतला फरकच पुसला गेला. तोच कागद आडवा केला की रुंदी २९.७. दोन्ही बाजूंना दीड-दीड सोडूनही मात्रेला १.६ सेंटिमीटरहून जास्त जागा मिळते. अख्खं आवर्तन, म्हणजे तालाची पूर्ण फेरी, एका नजरेत येतं. सम कुठे, खाली (टाळीऐवजी हात उघडून दाखवायची मात्रा) कुठे, हे मोजावं लागत नाही, दिसतं.

म्हणून पान आडवं. खरी अडचण इथेच सुरू होते, कारण आडवं पान म्हटलं की दुकानदार ते डावीकडे, म्हणजे आखूड बाजूला बांधून देतो.

कागदाला ग्रेन असतो. कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने झोपतात. त्या दिशेला समांतर कागद सहज वाकतो आणि सरळ फाटतो. उलट दिशेने वाकवायला गेलं तर ताठरपणा लागतो, आणि फाडला तर रेघ वेडीवाकडी जाते. झेरॉक्सच्या ए४ कागदात हा ग्रेन बहुधा लांब बाजूला समांतर असतो. कागद उभा धरून डावीकडे बांधला तर ग्रेन कण्याला समांतर येतो, पान अलगद पडतं आणि पडून राहतं. तोच कागद आडवा करून आखूड बाजूला बांधला की ग्रेन कण्याला आडवा. पान उलटलं की ते अर्धवट उभं राहतं, पंख्याच्या वाऱ्याने परत येतं. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. दमट हवेत कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. ग्रेन कण्याला समांतर असेल तर तो मोकळ्या कडेकडे फुगतो आणि काही बिघडत नाही. ग्रेन उलटा असेल तर तो कण्याच्या लांबीतच फुगू पाहतो, तिथे गोंदाने किंवा टाक्यांनी जखडलेला असतो, आणि मग कण्याजवळ लाटा येतात. जुलैत आमच्याकडे अशा वह्या बघून घ्याव्यात.

हे मला शिकवलं ते मिरजेतल्या एका जुन्या बाइंडरनी. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही. मी कागदाचा नमुना पुढे केला की ते जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे कागदाचं ग्रॅममधलं वजन, विचारत नाहीत. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवतात, एक कोपरा फाडून बघतात आणि म्हणतात, "ताई, हा असा बांधला तर तुमच्यावर रुसून बसेल." त्यांच्याविषयी पुढे लिहिते, कारण या सगळ्यात सर्वात चांगलं काम त्यांचंच आहे.

लहान पुस्तिकांचं आधी उरकते. प्रारंभिकच्या मुलांसाठी अलंकार आणि दोन-चार सरगम गीतं एवढंच हवं असतं. त्याला सेंटर पिन. कागद मधोमध दुमडून घडीवर दोन पिना. पानं चाराच्या पटीत हवीत. ३२ पानांपर्यंत ती छान उघडी राहते, दप्तरात जागा घेत नाही, खर्च नगण्य. त्यापुढे वाढवलं की आतली पानं बाहेर सरकतात, आणि कडा कापून सरळ केली की मधल्या पानांचा समास खाल्ला जातो. ३२ पानं, दोन पिना, लहान मुलं: याहून चांगलं काही नाही.

फायलींवर फार लिहिण्यासारखं नाही. कोब्रा फाईल घरी संग्रह जमवत असताना ठीक आहे, वाजवताना नाही. डिस्प्ले फाईल, म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक खिशांची, पुष्कळ वादक वापरतात आणि पानांची अदलाबदल करता येते म्हणून मला तिचं आकर्षण समजतं. पण मंचावरच्या दिव्याची तिरीप त्या प्लास्टिकवर पडते आणि नेमकी अंतऱ्याची ओळ पांढरी होऊन जाते. शिवाय माइक जवळ असेल तर पान उलटतानाची चरचर सभागृहभर ऐकू जाते. विलंबित ख्यालात ती कानाला फार लागते. मी ती बंद केली.

परफेक्ट बाइंडिंग म्हणजे बाजारातल्या बहुतेक पेपरबॅक पुस्तकांचं. पानांची गड्डी करून कण्याची बाजू खरवडतात, साधारण १६० ते १८० अंशांना वितळवलेला गरम गोंद लावतात आणि वरून कव्हर चिकटवतात. दिसायला ते पुस्तकासारखं दिसतं, आणि संग्रहाचं 'पुस्तक झालं' याचा आनंद मोठा असतो, तो मी नाकारत नाही. पण ते उघडं राहत नाही. राहावं म्हणून तळहाताने दाबलं की कण्यातला गोंद तडकतो, आणि एकदा तडकला की त्या जागची पानं एकेक करून हातात येतात. नेहमीचा हा गोंद थंडीत कडक होतो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मऊ पडतो. एका प्रेसमधून अशा प्रती करून घेतल्या होत्या. कव्हर सुरेख होतं, छपाई स्वच्छ होती, पण परीक्षेच्या हंगामापर्यंत यमन आणि भूप सुटे झाले होते, कारण सगळ्यात जास्त उघडली जाणारी पानं तीच. पीयूआर नावाचा दुसरा गोंद असतो. तो हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, पूर्ण पक्का व्हायला साधारण दिवसभर जाऊ द्यावा लागतो, आणि तो खूपच लवचीक आणि चिवट असतो. छापखान्यात विचारताना "परफेक्ट करता का?" एवढंच न विचारता "गोंद कुठला?" हेही विचारा. सलग वाचायच्या मजकुरासाठी, कथासंग्रहासाठी, संस्थेच्या अहवालासाठी परफेक्ट बाइंडिंग योग्यच आहे. समोर उघडं ठेवून वाजवायच्या वहीसाठी मी पाचापैकी दीड गुण देईन.

प्रबंधाचं हार्ड बाइंडिंग, म्हणजे काळं किंवा मरून रेक्झीन, सोनेरी ठसा, जाड पुठ्ठा. एका विद्यार्थ्याने विशारद झाल्यावर माझा संग्रह असा बांधून मला भेट दिला. ती प्रत माझ्या कपाटात मानाने उभी आहे. पण यात बहुतेक ठिकाणी सगळी गड्डी बाजूने भोकं पाडून आरपार शिवतात, त्यामुळे आतला दीड-दोन सेंटिमीटर भाग टाक्यातच जातो. पान पूर्ण उघडत नाही, पहिली मात्रा घळीत जाते. ज्यांना विद्यापीठात प्रबंध द्यायचा आहे त्यांनी डावीकडचा समास मोठा ठेवावा. संगीताच्या वहीला ही पद्धत नकोच.

आता मुख्य स्पर्धा. प्लास्टिकचं स्पायरल, धातूचं वायरो आणि प्लास्टिकचा कोंब.

कोंब, म्हणजे कंगव्यासारखे दाते असलेली प्लास्टिकची पाठ. ए४च्या लांब बाजूला तिला २१ कड्या असतात. ही पाठ मशीनवर पुन्हा उघडता येते आणि मधे पानं घालता येतात. दरवर्षी भर पडणाऱ्या संग्रहाला हा मोठाच फायदा आहे, म्हणून माझी शिकवण्याची कामचलाऊ प्रत मी काही काळ अशी ठेवली. पण पान पूर्ण मागे, पाठीला पाठ लावून जात नाही. आणि ते दाते वापरून वापरून वाकतात, एखादा तुटतो, मग तिथून पान निसटायला लागतं. मिरजेत हे मशीनही सगळीकडे नाही.

स्पायरल कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात, चहा येईपर्यंत होतं. पान पूर्ण गोल फिरतं. प्लास्टिक दाबलं गेलं तरी परत आकारात येतं, आणि विद्यार्थ्यांच्या पिशवीचा विचार केला तर हा गुण सगळ्यात मोठा आहे. पिशवीत डबा असतो, पाण्याची बाटली असते, कधी तबल्याची हातोडीही असते. वायरोची धातूची कडी एकदा चेपली की ती तशीच राहते, तिच्यात फट पडते आणि पान त्या फटीतून बाहेर येतं. शिवाय धातूच्या कड्या पेटीच्या पॉलिशवर ओरखडे काढतात. मिरजेतल्या वाद्यं बनवणाऱ्यांच्या सतारमेकर गल्लीत जाऊन तंबोऱ्यांवर तासन् तास चालणारं पॉलिशचं काम ज्याने बघितलं आहे, त्याला वाद्यावर घासलेली ती तार सहन होत नाही. स्पायरलच्या प्लास्टिकने असं काही होत नाही.

तरीही वायरोचा एक गुण असा आहे की तो दिसला की मन मोहतं. स्पायरल ही एकच लांब फिरत जाणारी तार असते, त्यामुळे वही उघडली की समोरासमोरची दोन पानं एकमेकांपासून काही मिलिमीटर सरकलेली दिसतात. वायरोच्या कड्या सरळ असतात, पानं अगदी रेषेत येतात. स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, एका पानावर आणि अंतरा, म्हणजे दुसरा भाग, त्याला लागून दुसऱ्या पानावर असेल तर वायरोत समेसमोर सम आणि खालीसमोर खाली अशी येते. ज्याला तालाची मांडणी शिकवायची आहे त्याच्यासाठी हे लहान नाही. म्हणून माझी स्वतःची प्रत, जी घराबाहेर जात नाही आणि लाकडी स्टँडवरच राहते, ती वायरोची. एका इंचात तीन कड्यांचं वायरो घ्यायचं, ए४च्या लांब बाजूला त्याच्या ३४ कड्या बसतात. या मापात १४ मिलिमीटरच्या आसपासच्या व्यासापर्यंतच कडी मिळते. त्याहून जाड गड्डी असेल तर इंचाला दोन कड्यांचं मोठं वायरो लागतं, त्याला छिद्रं वेगळी पाडावी लागतात आणि लहान दुकानात ते मशीन नसतं. आधी जाडी मोजा. ७५ जीएसएमचे शंभर कागद म्हणजे साधारण एक सेंटिमीटर, हा हिशोब लक्षात ठेवला की पुरतो. कडीचा व्यास त्याहून तीन-चार मिलिमीटर जास्त हवा, नाहीतर पानं एकमेकांवर अडकतात.

आता आखूड बाजूच्या ग्रेनच्या अडचणीवर मला सापडलेला उपाय सांगते. या लेखातली सर्वात कामाची गोष्ट तीच आहे. आडवं पान डावीकडे बांधायचंच नाही. वरच्या लांब बाजूला बांधायचं.

आपल्या पोथ्या आठवा. आडवी, सुटी पानं, मांडी घालून बसलेल्या वाचकासमोर ठेवलेली. पोथीचं पान कुणी डावीकडे उलटत नाही. खालची कड उचलून पान वर, पलीकडे उलटून ठेवतात, आणि मागचा मजकूर तसाच सुलटा समोर येतो. जमिनीवर बसून, आडव्या पानावरून वाचणाऱ्यासाठी शेकडो वर्षं चालत आलेली ही सोय आहे, आणि पेटी वाजवणारा अगदी तसाच बसलेला असतो. मग त्याची वही तशीच का नसावी? लांब बाजूला बांधलं की ग्रेन कण्याला समांतर येतो आणि पान मऊपणे पडतं. डावीकडे मोठा समास सोडावा लागत नाही, त्यामुळे मात्रांना जागा वाढते. उजव्या हाताच्या अनामिकेने खालचा कोपरा वर सारला की पान पलीकडे जाऊन पडतं, दाबून ठेवावं लागत नाही. दोन पानं एकाखाली एक दिसतात, वर स्थायी आणि खाली अंतरा. छोटा ख्याल असेल तर पूर्ण बंदिश पान न उलटता समोर.

मशीनला यात नवं काही नाही. उभ्या ए४लाही छिद्रं लांब बाजूलाच पडतात, मशीन तेच, कडी तीच. फरक फक्त मजकुराच्या दिशेचा. आमच्या कॉलेज रस्त्यावरच्या झेरॉक्सवाल्या मुलाला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, म्हणजे कॅलेंडरसारखं का?" बरोबर, तसंच. दोन गोष्टी मात्र त्याला सांगाव्याच लागतात. पाठपोट छापताना प्रिंटरमध्ये 'लाँग एज'चा पर्याय निवडायचा, नाहीतर मागचं पान उलटं छापलं जातं. पूर्ण गठ्ठा सोडण्याआधी एक कागद काढून, वर उलटून बघायचा. आणि वरच्या बाजूला दोन सेंटिमीटर मोकळे ठेवायचे, कारण छिद्रांच्या रांगेला जागा लागते. रागाचं नाव, थाट, वेळ हे सगळं त्याखाली. एकदा छिद्र 'भैरवी'च्या मात्रेतून जाऊ लागलं की ते परत भरता येत नाही.

स्पायरलच्या बाबतीत आणखी थोडं मागून घ्या. तारेचं टोक कापल्यावर आत वळवून घ्यायला सांगा. नुसतं कापून सोडलं तर ते ओढणीत अडकतं, बोटाला टोचतं, आणि हळूहळू फिरत फिरत तार बाहेर येते. पुढचं कव्हर चकचकीत प्लास्टिकचं न घेता जाड मॅट कागदाचं घ्या, मागे कडक पुठ्ठा घ्या, म्हणजे मांडीवर ठेवूनही लिहिता येतं. कागद ९० किंवा १०० जीएसएमचा. ७५च्या कागदावर पाठपोट छापलं की मागची टिंबं पुढे दिसतात, आणि आपल्या लिपीत टिंबाचं मोल किती हे वर लिहिलंच आहे. जाड कागद पंख्याखालीही कमी फडफडतो. जाडी वाढते म्हणून मी संग्रहाचे दोन भाग केले, प्रवेशिकेपर्यंतचा एक आणि मध्यमेपासून पुढचा दुसरा. साठ-साठ कागदांची वही मुलांच्या हाताला पेलते, आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला दरबारीचं ओझं पिशवीतून वागवावं लागत नाही.

विद्यार्थ्यांच्या वहीसाठी माझी शिफारस हीच: आडवा ए४, वरच्या लांब बाजूला प्लास्टिक स्पायरल, जाड कागद, मॅट कव्हर. आमच्याकडे अशा एका वहीच्या बांधणीचे चाळीस-पन्नास रुपये होतात. पाचापैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो दोन पानं सरकलेली दिसतात म्हणून.

आता चाचांकडे येते. त्यांचं दुकान म्हणजे एक खोली, तीत लाकडी शिकंजा, कटिंगचं मशीन, दाभणं, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं आणि भिंतीशी पुठ्ठ्यांची थप्पी. ग्रामपंचायतींची रजिस्टरं, वकिलांची जुनी पुस्तकं, मशिदीतली आणि मंदिरातली ग्रंथसंपदा, सगळं तिथे शेजारी शेजारी पडलेलं असतं. मला संग्रहाची एक प्रत कायमची राहावी अशी हवी होती, वाचनालयात ठेवता येईल अशी. चाचांनी आडव्या पानाला साफ नकार दिला. शिवणीच्या बांधणीत कागद दुमडून त्याचे फर्मे करतात, आणि आडवा ए४ दुमडून मिळेल एवढा लांब कागद आपल्या प्रिंटरमधून जात नाही. "उभं करून आणा," म्हणाले.

मग मी आवर्तन दोन ओळींत मांडलं. पहिल्या ओळीत आठ मात्रा, दुसऱ्या ओळीत आठ. आणि मांडून झाल्यावर लक्षात आलं की त्रितालाची खाली नवव्या मात्रेवर आहे, म्हणजे दुसरी ओळ बरोबर खालीपासून सुरू होते. झपतालाचे पाच-पाच केले तर खाली सहावीवर, तीही ओळीच्या सुरुवातीला. एकतालाचे सहा-सहा केले तर सातव्यावरची खाली पुन्हा तिथेच. खालीपासून उठणाऱ्या कितीतरी मध्यलयीच्या बंदिशींचा मुखडा आता ओळीच्या आरंभी आला. बाइंडरच्या नकारामुळे नोटेशन अधिक वाचनीय झालं. रूपकाच्या सात मात्रा मात्र एका ओळीतच ठेवल्या.

ए३ कागद दुमडून ए४ करायचा तर ग्रेन घडीला समांतर हवा. त्यासाठी चाचांनी पेपर मर्चंटकडून मोठे ताव आणवले आणि हव्या दिशेने कापून दिले, मग मी ते छापून आणले. चार कागद एकात एक घालून सोळा पानांचा फर्मा, असे पंधरा फर्मे. प्रत्येक फर्मा घडीतून पट्ट्यांवर शिवला, एकमेकांत गुंतवला, कण्याला कापड लावलं. चिकटवायला मैद्याची खळ, तिच्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद. मोरचूद विषारी असतं, त्यामुळे ते काम ते स्वतः करतात, हाताखालच्या पोरांना हात लावू देत नाहीत. मी विचारलं, फेविकॉल का नाही? "फेविकॉल पकडतो ते सोडत नाही. उद्या पुस्तक पुन्हा बांधायचं झालं तर कागद फाटेल. खळ पाण्याने सुटते."

त्याचा अर्थ मला २०१९च्या ऑगस्टमध्ये कळला. कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी, तळमजल्यावरच्या कपाटात, चाचांनी शिवलेली एक प्रत आणि परफेक्ट बाइंडिंगची एक प्रत शेजारी होत्या. परफेक्टवाली फुगून पानांचा एक ठोकळा झाली, कणा निघून आला. शिवलेल्या प्रतीचे पुठ्ठे कुजले, खळ विरघळली, पण दोरा शाबूत होता. फर्मे सुटे करून, मधे कोरे कागद घालून, पंख्याखाली वाळवले. चाचांनी ते पुन्हा शिवून नवे पुठ्ठे चढवले. छपाई लेझर प्रिंटरची होती म्हणून अक्षर जागेवर राहिलं. लेझरचा टोनर कागदावर वितळून बसलेला असतो, पाण्याने तो फुटत नाही. त्याच घरातली, घरच्या इंकजेटवर छापलेली भजनांची पानं निळसर डाग होऊन गेली होती. नदीकाठच्या गावांत राहणाऱ्यांनी बाइंडिंगइतकाच हाही विचार करावा.

शिवलेली वही उघडली की ती सपाट पडते, ठवणीवर दोन्ही बाजू सारख्या विसावतात, आणि वापरून वापरून ती आणखी मोकळी होते. बाकी सगळ्या पद्धती पहिल्या दिवशी सर्वात चांगल्या असतात आणि पुढे उतरत जातात. हिचं उलट आहे. खर्च मात्र स्पायरलच्या कितीतरी पट, वेळ आठवडाभराचा, आणि मधे पानं घालता येत नाहीत. म्हणून विद्यार्थ्यांना मी ती सुचवत नाही. जो संग्रह पूर्ण झाला आहे, ज्यात आता भर पडणार नाही, गुरूंकडून आलेल्या बंदिशी ज्या पुढच्या पिढीला जशाच्या तशा द्यायच्या आहेत, तो मात्र शिवूनच घ्या. पाचापैकी पाच.

चाचांकडे जायचं असेल तर शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजासाठी दुकान बंद असतं. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवसही टाळा. त्या दिवसांत आसपासच्या सगळ्या मंडळांचे आरतीसंग्रह आणि भजनाच्या वह्या त्यांच्याकडे येऊन पडलेल्या असतात, आणि ते कुणालाच नाही म्हणत नाहीत. कागदाचा नमुना सोबत न्या, छापण्याआधी.